दसऱ्याला बंद पडलेला सर्व्हर

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळीला गेलो, तेवढ्यात आईने माझा कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणावरून बंद केला, ओल्या फडक्याने पुसला, सीपीयूला हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. बाबा मिलमध्ये होते तेव्हा दसऱ्याला साच्यांची, म्हणजे कापडाच्या मागांची, पूजा व्हायची. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडायचे, हा आमच्या घरचा नियम. दरवर्षी हे होतं आणि दरवर्षी मी हसून सोडून देतो.

या वर्षी हसू आलं नाही. चार महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती आणि आईला मी ते सांगितलं नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी मुलुंडच्या घरातून निघायचो आणि भांडुपच्या एका अभ्यासिकेत कॉलेजच्या पोरापोरींमध्ये बसून वेबसाइट बनवायला शिकायचो. बेचाळिसाव्या वर्षी! मरोळला सुटे भाग बनवणाऱ्या एका शेठनी मला गोदामातला माल दाखवणारा प्रोग्राम करायला दिला होता. पसंत पडला तर कायमची नोकरी. "दसऱ्याचा मुहूर्त सोडायचा नाही. पाच वाजता तुमच्या घरीच येतो," असं ते म्हणाले. ऑफिसातले साहेब येणार आहेत, असं मी आईला सांगून टाकलं.

प्रोग्राम अजून इंटरनेटवर चढवला नव्हता. माझ्याच कॉम्प्युटरमध्ये एक छोटा सर्व्हर होता. तो सुरू केला की ब्राउझरमध्ये माझं पान उघडायचं. जेवणं आटोपून दोन वाजता सहज बघायला बसलो, तर 'पान सापडलं नाही' एवढीच एक ओळ. सर्व्हरचं बटण दाबलं की तो क्षणभर सुरू व्हायचा आणि परत बंद पडायचा. फाइली जागेवर होत्या, पण शेठना काय फाइली दाखवू? कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. फडक्याचं पाणी आत गेलं असेल, चालू मशीन बंद केल्याने डिस्क गेली असेल, एकेक भलतंसलतं मनात यायला लागलं. तीन वाजून गेले.

"काय झालं रे?" आई दारात येऊन उभी राहिली.

माझा राग मुळात नाकावर. "वाट लावलीस! पूजा करायला दुसरं काही मिळालं नाही तुला? नोकरी गेलीय माझी. चार महिने झाले. ही एक मिळत होती, तीही घालवलीस!"

बोलून गेलो आणि मग कळलं, काय बोललो ते. आईने फूल उचललं, पदराने सीपीयूवरचं कुंकू पुसलं आणि ती आत गेली. मला उठून मागे जायला हवं होतं. मी घड्याळाकडे बघितलं आणि बसून राहिलो.

शेवटी अभ्यासिकेत शिकलेलं आठवलं. सर्व्हर का बंद पडला ते तो स्वतःच एका फाइलीत लिहून ठेवतो. ती उघडली. शेवटच्या ओळीत होतं, ऐंशी नंबरचं पोर्ट आधीच कोणीतरी घेतलंय. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं ठरलेलं दार. ते घेणार कोण? मीच आदल्या दिवशी एका व्हिडिओत बघून दुसरा एक सर्व्हर उतरवून ठेवला होता. तो कॉम्प्युटर चालू होताच आपोआप सुरू होत होता आणि माझ्या सर्व्हरच्या दारात ठाण मांडून बसत होता. आईने कॉम्प्युटर बंद केला नसता, तर मी कधीतरी केलाच असता आणि तेव्हाही हेच झालं असतं. आईचा काडीचा दोष नव्हता. दुसरा सर्व्हर काढून टाकला, पहिला सुरू केला आणि पान उघडलं. पाचाला दहा कमी होते.

शेठ आले, सोनं दिलं, प्रोग्राम दोनदा उलटसुलट करून बघितला. "सोमवारपासून मरोळच्या शेडवर या," म्हणाले. आईने त्यांना चहा दिला, हसूनही बोलली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "आई, चूक माझीच होती. तुझ्यामुळे काही बिघडलं नव्हतं. मिळाली नोकरी."

"बरं झालं," ती म्हणाली. ती कप विसळत होती. मग नळ बंद करून माझ्याकडे वळली. "चार महिने मी डबा भरून देत होते. तो खंय बसून खायचास रे?"

"बागेत. बाकड्यावर."

"उन्हात?"