लाडकीने भाचीला शाळेत बसवलं

यांना तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटरची नोकरी लागली आणि आम्ही वाई सोडून बोईसरजवळच्या गावात खोली घेतली. घरात एकादश्या, सत्यनारायण, सोमवार हे माझं चालूच, त्यामुळे पत्रावळींना पळसाची पानं लागायची. ती आणून देणारी लाडकी.

लाडकी वारली जमातीतली. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ही भांडली नाही. "त्याची झोपडी त्याला, माजा इळा मला," म्हणून भावाच्या पाड्यावर निघून आली. मूलबाळ नाही. सकाळी पानांचा भारा माझ्या दारात टाकायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि तशीच बांधकामावर घमेली उचलायला जायची. तिथल्या मुकादमाची हिंदी तिने उचलली होती. माझ्या दारातल्या मांजरालासुद्धा "हटो, काम का टाइम है" म्हणायची.

तिचा भाऊ जिव्या. भात निघालं की तो बायकोला घेऊन मनोरच्या बाजूला गवत कापायला जायचा, तो शिमग्यापर्यंत. त्या वर्षी, म्हणजे सहासष्ट साली, घरात तान्हा मुलगा होता. आई गवत कापणार तर त्याला कडेवर घ्यायला थोरली भागी हवी. लाडकीला मात्र भागी शाळेत हवी होती.

मी एकदा विचारलं, "तुला गं का एवढं शाळेचं?"

"बाय, सुरुंग लावतात तवा साईटवर पाटी ठेवतात. लोक वाचतात न् बाजूला व्हतात. मी लोक पळतात तिकडं पळते. पोरीनं तरी सोताच्या डोळ्यानं पळावं."

जिल्हा परिषदेची एका खोलीची शाळा आमच्या मागच्या दाराशीच. फुलवाती करायला बसलं की सगळा वर्ग दिसे. पंढरी मास्तर सोलापूरकडचे, एकटे राहायचे. दसरा झाल्यावरच्या रविवारी लाडकी भावाला आणि भागीला घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

जिव्या म्हणाला, "उद्याचा सोडून पुढल्या सोमवारी आमी निंगू. तवर हिला काय आलं तं मला दावा. नाय तं पोरगी गवताला."

"अरे, एका आठवड्यात काय होतंय? पहिला महिना मुलं नुसती रडतात."

"ही नाय रडाची," लाडकी मध्येच म्हणाली. "रडली तं मी हाय."

"तू हायस म्हून तं रडंल," जिव्या म्हणाला. तिने त्याला कोपर मारलं.

सोमवारी मास्तरांनी ताटात तांदूळ पसरून आणले. आमच्याकडे घाटावर मुलाचं पहिलं अक्षर असंच धान्यात गिरवून घेतात; मला बघून बरं वाटलं. भागीने ताट पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. मास्तरांनी आधी गोड बोलून पाहिलं, मग दुसऱ्या मुलीकडून 'श्री' काढून दाखवला, शेवटी आवाज चढवला. हात काही पुढे येईनात. मंगळवारी तेच. मुलं "मुकी, मुकी" करायला लागली. पण पोरगी खरंच रडली नाही.

दुपारी मास्तर कुंपणाशी येऊन म्हणाले, "वहिनी, पोरगी मंद आहे की हट्टी, कळत नाही मला. जिव्या नेणार तिला."

बुधवारी सकाळी लाडकी पानं घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, "अगं, तुझी भाची बोटसुद्धा लावत नाही."

"कशाला?"

"ताटातल्या तांदळाला. त्यातच अक्षर काढायचंय ना."

ती भारा तसाच धरून उभी राहिली. "तांदूळ नवा का जुना?"

"नवाच. मास्तरांना परवा कोणी आणून दिलाय, लवकर निघणाऱ्या हळव्या भाताचा."

"मंग कशी लावंल, बाय? कणसरी हाय ती. आई हाय आमची. भात कापतो, झोडतो, पण तिची पूजा झाल्याबिगर नवा दाणा शिजवत नाय, खात नाय. न् ताटात पसरून तिच्यावर बोटं ओडायची? आमच्या घरात पूजा अजून व्हायचीय."

"मग तिने मास्तरांना सांगायचं."

"मास्तरची बोली तिला समजत नाय, तिची मास्तरला. न् सांगून मास्तर काय म्हनंल? अडाणी म्हनंल."

नैवेद्य दाखवल्याशिवाय मी आमटीतलं मीठसुद्धा चाखून बघत नाही. ते शहाणपण, आणि हिचं तेवढं अडाणीपण कसं? मी पदर खोचला आणि शाळेत जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलांसमोरच ताट उचलून कपाटावर ठेवलं आणि म्हणाले, "दोन दिवस मी पोरीला तिच्या देवाशी भांडायला लावत होतो, आणि वर मलाच राग येत होता." त्या दिवशी अक्षर झालंच नाही. भागीला त्यांनी फळा पुसायला दिला. तिने तो इतका पुसला की एका मुलाची आकडेमोड अर्ध्यातच गेली आणि तो बोंबलला.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर लाडकी घिवलीच्या किनाऱ्यावर गेली असावी, कारण अंधार पडता पडता आली ती ओच्यात वाळू घेऊन. "परात दे," म्हणाली. माझी कणकेची परात गेली ती गेलीच.

गुरुवारी भागी वाळूपुढे बसली आणि मास्तरांनी बोट धरायच्या आधीच तिने आडवी रेघ ओढली. मास्तरांनी तिला तिचंच नाव दिलं. दिवसभर काढायची, तळव्याने पुसायची, पुन्हा काढायची. बाकीच्या मुलांना पाट्या नकोशा झाल्या, सगळ्यांना वाळू हवी. शुक्रवारी परात उन्हात पायरीवर ठेवली होती, तर माझी कोंबडी त्यात उकरायला लागली. भागी ओरडली, "कोंबडीनं माजं नाव खाल्लं!" शाळेतलं तिचं हे पहिलं बोलणं. मास्तरांनाही हसू आवरेना.

शनिवारी सकाळच्या शाळेला जिव्या आला. मागे बायको, तिच्या कडेवर तान्हा. लाडकीने कामाचा खाडा केला होता. भागीने वाळूत नाव काढलं. जिव्या उकिडवा बसून बघत होता.

"मला काय कळंल? कोंबडीचं पाय बी असंच दिसतात."

"मग दुसऱ्याला वाचायला लाव," मास्तर म्हणाले.

जिव्याने बाहेर खेळणारा एक मुलगा हाक मारून आत घेतला. तो म्हणाला, "भागी." जिव्याची खात्री पटेना. "ह्याला शिकवून ठेवलाय. तू ये गं." आत बोलावलेली मुलगीही "भागी" म्हणाली. जिव्या वाळूवर वाकला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे ही घरात नसली तरी हितं हाय."

"मग ठेवतोस ना?" मास्तर म्हणाले.

"पोरगी शिकली. मी नाय कुटं म्हनतो? पण पोर कोण घेल, मास्तर? ही गवत कापंल का त्याला राकंल? मागल्या साली शेजारणीचं पोर बांधावरून खाली गेलं." त्याची बायको मान खाली घालून उभी होती.



"मी घेन," लाडकी म्हणाली.

"तुजं साईटवरचं काम?"

"घमेली कोणपण उचलंल."

"परत घेतील का तुला?"

"नाय घेतील तं नाय."

"न् तुला पोर राकाय कुटं येतं? तुला तं..." जिव्या तिथेच थांबला.

"माजं नाय म्हून कडेवर नाय बसायचं का ते?" लाडकी म्हणाली. "दे हिकडं." आणि तिने भावजयीच्या कडेवरून तान्ह्याला घेतलंच. तो तिच्या गळ्यातल्या मण्यांशी झटायला लागला.

भागीने राहायचं ते म्हाताऱ्या बुधाजवळ, तिच्या आज्याजवळ. तो पेज करून घालील असं ठरलं. कणसरीची पूजा त्यांनी रविवारीच उरकून घेतली. लाडकीने माझ्यासाठी पानावर नवा भात पाठवला. मी तो देवापुढे ठेवला आणि मग आम्ही खाल्ला.

सोमवारी ती सगळी शाळेवरूनच गेली. लाडकीच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर तान्हा. भागीला बघून तो रडायला लागला आणि हात पुढे करायला लागला. भागी वर्गातून उठून दारापर्यंत आली.

"आत बस," लाडकी म्हणाली, आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन चालायला लागली.