न्हाणीतलं मस्तक

शेवंताबाईंनी न्हाणीघराचं दार उघडलं आणि पाऊल आत न टाकताच त्या मागं सरल्या.

"प्रीते, हिकडं ये आधी."

प्रीती कपाटात कपडे लावत होती. पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत तिचं काम वर्षभर उत्तम झालं म्हणून कंपनीनं तिला दोघांची परदेशातली सहल बक्षीस दिली होती. साल २००७. बाकीच्या मुली नवऱ्याला घेऊन आल्या, प्रीतीनं आईला आणलं. उचगावहून निघताना वडील, भाऊसो, म्हणाले होते, "जावा दोघी. पर तिथं ही केर काढाय बसली तर मला फोन करू नगंस."

थट्टाच ती, पण अगदी खोटी नव्हती. शेवंताबाईंचा उभा जन्म सरकारी दवाखान्यात वॉर्डातल्या मावशी म्हणून गेला होता. खाटेखालची फरशी पुसलेली आहे की नुसती ओली केली आहे, हे त्यांना दारातूनच कळे. रात्रपाळीला एखादा म्हातारा पेशंट घाबरला, तर स्टुलावर बसून त्याच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारत.

शाहूवाडीकडचा एखादा हिरवा डोंगर उचलून समुद्रात ठेवावा, तसं हे लंकावी बेट होतं. हॉटेल त्या डोंगराच्या उतारावर. खोलीत पाय टाकल्यावर शेवंताबाई हरखल्या होत्या. खिडकीतून समुद्र दिसत होता, पलंग चौघांना पुरेल एवढा होता. आणि आता त्या न्हाणीघराच्या दारात पांढऱ्याफटक पडून उभ्या होत्या.

टबाशेजारी एका दगडी चौथऱ्यावर भगवान बुद्धांचं मस्तक होतं. नुसतं मस्तक. लाकडाचं, मिटल्या डोळ्यांचं. एका कानावर हात पुसायचा टॉवेल अडकवलेला.

"धड कुठं हाय?" शेवंताबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"आई, शोभेचं आहे ते. तसंच मिळतं."

"संडासाच्या म्होरं?"

प्रीतीनं हातातले कपडे खाली ठेवले. घरी पूर्वेच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. अंग धुतल्याशिवाय आई तिथं उदबत्तीसुद्धा लावत नसे.

शेवंताबाईंनी आधी टॉवेल काढला. मग तान्हं लेकरू घ्यावं तसं ते मस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आणलं. टेबलावर आपला धुतलेला पांढरा रुमाल अंथरून त्यावर ठेवलं. बाहेर चाफ्याचा सडा पडला होता, त्यातली ओंजळभर फुलं आणली, टबाजवळची मेणबत्ती लावली आणि त्रिसरण-पंचशील म्हटलं. त्यानंतरच त्या आंघोळीला गेल्या.

"आमचे साहेब शेजारच्याच खोलीत आहेत," प्रीती कुरकुरली. "बघितलं तर काय म्हणतील?"

"येऊ देत की. त्यास्नी पाया पडू नगा म्हणतोय व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी दोघी होडीतून फिरून आल्या. खोली झाडून-पुसून लख्ख झाली होती. मस्तक पुन्हा न्हाणीत होतं आणि कानावर टॉवेल. फुलं मात्र कुणी टाकली नव्हती, पेल्यात पाणी घालून त्यात ठेवली होती. शेवंताबाईंनी पुन्हा मस्तक बाहेर आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"ह्यास्नी कळत कसं न्हाय?"

"तू सांगितलंस कुणाला?"

"दिसतंय की डोळ्यानं. उद्या मी कुठं येत न्हाय. कोण ठेवतंय तेच बघतो."

आईला एकटं सोडायचा धीर प्रीतीला होईना. चौथ्या दिवशी सकाळी बाकीची मंडळी धबधबा बघायला गेली आणि या दोघी सज्जात पडद्याआड चहा घेत बसल्या. थोड्या वेळानं ट्रॉली वाजली. दारावर टकटक करून, कुणी नाही असं समजून एक पोरगेलीशी बाई आत आली. पलंगाकडं वळता वळता तिला टेबल दिसलं.

ती जागीच गुडघ्यांवर बसली. हात जोडून पुटपुटली, "बुद्धं सरणं गच्छामि," आणि तीन वेळा जमिनीला कपाळ टेकलं. उचगावच्या विहारात करतात तसंच, अगदी तसंच. शेवंताबाईंच्या हातातली बशी कलली, चहा लुगड्यावर सांडला. भाजलेलंही त्यांना कळलं नाही.

मग ती उठली, मस्तक उचललं, आपल्या कपाळाला लावलं आणि न्हाणीत नेऊन ठेवलं. खुंटीवरचा टॉवेल घेतला. कानावर अडकवताना तिनं मान दुसरीकडं वळवली होती.

मागं वळली तर दारात शेवंताबाई उभ्या. पाठोपाठ प्रीतीही आली.

प्रीती सोप्या सोप्या इंग्रजीत तिच्याशी बोलली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं नोई. जवळच्याच थायलंडमधून पोटासाठी आलेली. तिनं ट्रॉलीवरचा एक फोटो दाखवला. न्हाणी कशी दिसली पाहिजे त्याचा तो फोटो होता, आणि त्यात तो टॉवेलही होता.

"सगळ्या खोल्यांत आहे असं," प्रीती आईला म्हणाली. "आणि रोज हिलाच ठेवावं लागतं." तिचा आवाज चढला होता. "मी आत्ता मॅनेजरकडं जाते."

"बस खाली."

"अगं, तूच तर चार दिवस..."

"तुझ्यासंगट साहेब ग्वाड बोलंल. मागनं हिला बोलावून घेतील, पावण्यास्नी काय सांगितलंस म्हणून. दवाखान्यात जलम काढलाय मी. तक्रार कुणाची बी असू दे, निस्तरायला लागायचं मावशीलाच."

"मी हिचं नावच घेणार नाही."

"आपल्या खोलीत दुसरं कोण येतंय झाडाय?"

नोईला यातलं काही कळलं नसावं. ती एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. शेवंताबाईंनी तिचे ओले हात आपल्या हातांत घेतले, जरा वेळ धरून ठेवले आणि सोडले. त्या दिवशी त्या जेवायलाही खाली उतरल्या नाहीत. संध्याकाळी मस्तक बाहेर आणून वंदना मात्र केली.

पाचव्या दिवशी सकाळी प्रीती उठली तेव्हा टेबल रिकामं होतं. न्हाणीचं दार उघडं होतं. आत आई त्या चौथऱ्यासमोर उभी होती आणि टॉवेल कानावर अडकवत होती.

प्रीतीला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. "आई, तू?"

"तिच्या हातनं कशाला?" शेवंताबाई मागं न बघता म्हणाल्या. "मी चार दिसांची पावणी. तिला रोजचंच हाय. आपल्या खोलीत तरी नगं तिच्या माथी."

टॉवेल घसरून खाली पडला. त्यांनी तो उचलला, झटकला, त्याची नीट घडी घातली आणि पुन्हा अडकवला. मग फोटोतल्यासारखं झालं का ते एकदा बघितलं, आणि ट्रॉली यायच्या आत दोघी खोलीचं दार ओढून घेऊन बाहेर पडल्या.