जबड्याचा नंबर

कुठलाही दगड हातात आला की काका आधी त्याला जीभ लावायचे. "चिकटला तर हाड, नायतर खडी," म्हणायचे आणि खडी निघाली तर ती सरळ दाराबाहेर. जुनं हाड जिभेला चिकटतं हे खरंच आहे. तुम्हीही करून बघा, फक्त घरचं कोणी बघत नसताना.

गिरणी बंद पडल्यावर ते आमच्या कॉलेजने मरोळला घेतलेल्या गाळ्यात कामाला आले. नर्मदाकाठी खणलेली डायनासोरची हाडं तिथे यायची. ते सुईने त्यांची माती काढायचे, मी चित्रं काढायचो. एका भल्या थोरल्या मांसाहारी जनावराचा जबडा साफ करायला त्यांना दोन वर्षं लागली. "दात बघ रे ह्याचे! माझ्या सासऱ्याची आठवण येते."

त्याच खड्ड्यात सापडलेला कवटीचा तुकडा आणि हा जबडा एकाच जनावराचे, म्हणून ही नवी जात, असं आमच्या प्राध्यापक सरांनी ठरवलं. शोधनिबंध टाइप झाला. पाकिटाला तिकिटं लावायची तेवढी राहिली होती, तेव्हा काका सरांसमोर उभे राहिले.

"सर, धुताना जबड्यावरची शाई गेली. नंबर मी आठवणीने टाकलाय. दुसऱ्या खड्ड्यातला पण असेल."

हाडावर त्याच्या खड्ड्याचा नंबर घालायचा, त्यावर वार्निश फिरवायचं, मगच धुवायचं, हा आमचा नियम. त्यांनी नेमकं त्याच हाडाला वार्निश लावायला विसरावं! खड्डा वेगळा तर जनावर वेगळं, आणि नवी जात खलास. सरांनी निबंध कपाटात टाकला.

मी मात्र त्यांच्यावर भडकलो. "काका, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"त्या जनावराचं नाव कायमचं पडणार रे. चुकीचं कसं पडू देऊ?"

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

चार वर्षांनी मे महिन्यात एकाच दगडात अख्खी कवटी सापडली, जबड्यासकट. आमचा जबडा आणि कवटीचा तुकडा शेजारी ठेवून पाहिले. दातान् दात तसाच, तुकडाही हुबेहूब. नंबर काहीही असो, जात एकच होती.

ते घाटकोपरला राहतात हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी जायला हवं होतं. पण वाटलं, निबंध छापून येऊ दे, आभारात त्यांचं नाव दाखवू. माझी मेली हौस!

छापील प्रत घेऊन फेब्रुवारीत गेलो. काकूंनी दार उघडलं. आत भिंतीवर काकांच्या फोटोला हार होता. मी नव्या कवटीचं सगळं सांगितलं. काकूंनी मला आभारातलं त्यांचं नाव दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे ह्यांचं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मे महिन्यात."

"ते दिवाळीत गेले," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत विचारायचे, कॉलेजातून कोण आलं होतं का."