लाल धाग्याचं झाड

आमच्या घरामागं मिरचीचा एक वाफा आहे. मिरची गावरान, बी माझ्या माहेरचं, फुलसावंगीचं. माहेरी आता ती कोणी लावत नाही, म्हणजे ती फक्त माझ्याकडंच उरली. डब्यातलं बी जुनं व्हायला लागलं म्हणून यंदा होतं तेवढं सगळं टाकून दिलं वाफ्यात. एक चिमूटही मागं ठेवलं नाही.

आईची रीत अशी, की सगळ्यात दांडगं झाड पाहायचं, त्याला लाल धागा बांधायचा. त्याची मिरची तोडायची नाही, ती झाडावरच पिकू द्यायची, बियाला. यंदाही बांधला. मिरच्या हिरव्या होत्या अन् त्याच झाडाची पानं आकसायला लागली, होडीसारखी वर वळली. या रोगाला आमच्याकडं बोकड्या म्हणतात.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काकू, नजर लागली. माह्या सासूचीच असंन, तिले दुसरं कामच नाही." मग आंबट ताक मारा म्हणाली. मारलं. झाडाला ताकाचा वास आला, बाकी काही नाही.

तेवढ्यात नात आली सुटीत. ती यवतमाळला शेतीचं शिकते. तिनं पानं उलटी करून पाहिली अन् म्हणाली, "आजी, हे उपटून टाक."

"धाग्याचं झाड हाय ते, माय."

"म्हणूनच सांगून राह्यली. याच्यावरची पांढरी माशी बाकीच्या झाडांवर जाईन, विषाणू घेऊन. मग काहीच नाही राहणार."

तिथून आमचं बोलणं सुरू झालं अन् माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर नाही. ती म्हणे, विषाणूजवळ हातपाय नाहीत, चूल नाही, पीठ नाही. त्याच्याजवळ नुसती कृती, म्हणजे स्वतःसारखे आणखी कसे करायचे ते. करतात मात्र झाडाच्या पेशीतली प्रोटीनं. मिरचीचीच.

"म्हणजे मिरचीच रांधून वाढते त्याले?"

"हो."

"तिले समजत नाही, कोणासाठी रांधून राह्यली ते?"

"नाही समजत, आजी. त्याच प्रोटीनांनी ती आपलं पान करते, मिरची करते. काम तेच."

मी म्हटलं, मग ते प्रोटीनच काढून टाका. ती हसली. "चूल काढली तर घरचे काय खातीन? पण एखाद्या झाडात त्यातलं एखादं प्रोटीन जरा वेगळं असते. झाडाचं भागते, विषाणूले मात्र ते वापरता येत नाही."

हे मला थोडं समजलं. माझा तवा मधून वाकडा आहे. त्यावर माझीच भाकर येते, सुनेनं टाकली की तुटते. नातीला सांगितलं, तर म्हणाली तसंच समज. पण लगेच पुन्हा अडकले. म्हणजे सरळ तव्याचं घर लुटलं जाते अन् वाकड्याचं वाचते? मग आई आयुष्यभर दांडगं झाड पाहून धागा बांधत होती, ते काय?

मोरीजवळ एक किरकोळ झाड होतं. चार फांद्या, पण पानं साफ सरळ. मी विचारलं, "याचा तवा वाकडा आहे का?"

"पाहून नाही सांगता येत. असूही शकते. नाहीतर माशीच बसली नसंन अजून."

एवढं शिकून हिलाही माहीत नाही, मग मी कोणाला विचारू?

सकाळी मीच उपटलं. धागा सोडला, झाड पोत्यात घातलं, वाफ्यापासून लांब नेऊन जाळलं. त्याच्या हिरव्या मिरच्या आधी तोडून घेतल्या होत्या. नात म्हणाली खाल्ल्यानं काही होत नाही, माणसात नाही येत तो. ठेचा केला. तसाच झणझणीत. आजारी झाडाचा ठेचा एवढा चांगला कसा, हेही समजलं नाही.

धागा मोरीजवळच्या झाडाला बांधला. शेजारीण म्हणाली, "काकू, या मरतुकड्याले कायले?"

"मलेही नाही माहीत," मी म्हटलं.

त्याच्या दोन मिरच्या आता लाल व्हायला लागल्यात. रोज सकाळी चहाआधी जाते, पानं उलटी करून पाहते. सरळ आहेत. तवा वाकडा आहे की माशी यायची आहे, कोण जाणे. मिरच्या तेवढ्या पिकू दे.