चाड्याचं दुकान

पृथ्वीकडून आमच्या साडभाऊंनी जेवढं काम करून घेतलं, तेवढं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. बाकीचे लोक पृथ्वीवर नुसते राहतात, नांगरतात, भांडतात आणि शेवटी तिच्यातच जातात. साडभाऊंनी तिला बोरी अरबच्या आपल्या किराणा दुकानात कामाला ठेवलं आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी यवतमाळच्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून ते मला मास्तर म्हणतात, आणि म्हणताना आवाजात थोडी कीव असते. "तुम्ही पोरायले गुरुत्वाकर्षण शिकवत राह्यले, मास्तर," ते चारचौघांत सुनावतात, "अन् मी त्याले कामाले लावलं." साडू-साडूंत अशी खेचाखेची चालायचीच.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक हिरवी काचेची गोटी कायम असते. कुणाच्याही घरी गेले, की पाण्याच्या पेल्याला हात लावण्याआधी ते ती फरशीवर सोडतात आणि कुठे जाते ते पाहत बसतात. आमच्या नव्या घराच्या वास्तूला, पंगत बसत असताना, त्यांनी ती न्हाणीघराच्या दाराशी सोडली. गोटी जरा वेळ तिथेच घुटमळली आणि मग सावकाश, अगदी मानकऱ्यासारखी, देवघरात गेली. "मास्तर, तुमच्या न्हाणीचं पाणी देवायच्या पायाशी जाईन," ते म्हणाले. मिस्त्री जेवणावरून उठला, माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि पुढे मोरी तुंबली तेव्हा आम्हाला देव पाटावरून उचलून टेबलावर ठेवावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे त्यांना विचारल्याशिवाय एक फरशी बसत नाही. माणसाची पारखही ते उतारावरूनच करतात. "त्याचा उतार बरोबर नाही," असं ते म्हणाले, की त्या घरात सोयरीक करायची नाही हे आमच्या नात्यात ठरून गेलं आहे.

हे वेड मात्र जन्माचं नव्हे. दुकान खरं ताईंचं, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीचं. साडभाऊ बाहेरून माल आणायचे आणि ताई गादीवर बसायच्या. बावीस वर्षं त्यांनी वाकून कट्ट्यांतून, म्हणजे पोत्यांतून, डाळ-तांदूळ उपसला, टाचा उंचावून फळीवरचे डबे काढले, आणि एक दिवस त्यांचा उजवा खांदा जखडला तो कायमचा. डॉक्टरांनी सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. ताई दुकानातून उठून घरात गेल्या. कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला, कुणाच्या म्हाताऱ्याला पचत नाही म्हणून मुगाची डाळ जाते, हे सगळं ज्या बाईला तोंडपाठ, ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं पाहायला लागली. "दुकानाबिगर मले करमतच नाही वो," असं त्या माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या आणि रडल्या. ताई रडल्याचं आमच्याकडे कुणाला आठवत नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा साडभाऊंनी मला अंगणात ओढून नेलं. "येत्या पोळ्याले तुमची ताई गादीवर बसन," ते म्हणाले. "तिनं कायले मालाकडे जाव? मालच तिच्यापाशी येईन." बोलताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की मी हो म्हणून टाकलं.

युक्ती त्यांना सापडली ती शेजारच्या वावरात. पेरणी चालली होती. तिफणीवर मधोमध लाकडी वाटीसारखं चाडं असतं. त्यावर मूठ धरून बाई बी सोडत जाते आणि ते नळ्यांतून थेट जमिनीतल्या तासात, म्हणजे सरीत, पडतं. साडभाऊ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बांधावर उभे राहून ते पाहत होते. शेवटी त्या शेतकऱ्याला शंका आली, की हे आपलं वावर विकत घ्यायला आले आहेत काय. दुसऱ्या दिवशी ते एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून सरकीच्या यंत्राची पत्र्याची मोठाली नरसाळी घेऊन आले, त्यावर शेतातले पीव्हीसीचे पाइप आणले, आणि दुकानाच्या माळ्यावर एकाशेजारी एक आठ चाडी उभी केली. वरून माल ओतायचा, खाली ताईंच्या हाताशी आठ तोंडं, प्रत्येक तोंडाला लाकडाची झडप. दोन बोटांनी झडप ओढली, की डाळ तराजूवरच्या पिशवीत. शिवाय यात न्यायही होता. कट्ट्यात जुन्यावर नवा माल पडतो आणि जुना तळाशी किडे धरून बसतो. इथे तसं नाही. "आधी आला त्यानं आधी जा लागते," साडभाऊ समजावून सांगत. "एस्टीत नाही होत, माह्या दुकानात होते."

पण माल काही ऐकेना. पावसाळी हवेत साखर पाइपात गोठली. साडभाऊंनी काठीने ढोसलं, तरी हलेना, अजून ढोसलं, तेव्हा ती एकदम आली आणि गुडघाभर साखरेत उभे राहून त्यांनी मला फोन केला, "मास्तर, जमून राह्यलं!" साबणाच्या वड्यांसाठी त्यांनी पत्र्याची घसरगुंडी केली. तिचा उतार जरा जास्त झाला आणि पहिली वडी काउंटर ओलांडून, दारातून बाहेर पडून, रस्त्यात बसलेल्या बैलाच्या पुढ्यात गेली. बैलाने ती चाटली. पोह्यांची तर वेगळीच तऱ्हा, ते एकमेकांना धरून पाइपात कमान करून बसायचे. त्यावर उपाय म्हणून साडभाऊंनी दोरी ओढताच चाड्यावर ठोके देणारी लाकडी मोगरी बसवली. तिचा आवाज अर्ध्या गावात जायचा. ठक ठक झालं, की बाया दारात येऊन विचारायच्या, "कोनाच्या घरी पाव्हणे आले वो पोरगी पाहाले?" दोन घरच्या बोलण्या त्या मोगरीमुळे आधीच गावभर झाल्या. गुळापुढे मात्र त्यांनी हात टेकले. तीन नमुन्यांच्या नळ्या चिकटून वाया गेल्यावर ते म्हणाले, "गूळ कोनाचंच आयकत नाही. त्याले मान द्या लागते." गुळाची भेली ताईंच्या डाव्या हाताशी पाटावर बसली ती आजही तिथेच आहे. बाकी एकेका धान्याचा उतार ते दिवसदिवस गोटी सोडून ठरवत राहिले. तुरीच्या डाळीला केवढा, बारीक रव्याला केवढा, हे त्यांनी भिंतीवर खडूने रेघा मारून ठेवलं होतं. मी एकदा कोनमापक नेऊन दिला. त्यांनी तो रव्याच्या चाड्याखाली पाचर म्हणून ठोकला.

पोळ्याच्या दिवशी ताई गादीवर बसल्या. दोन बोटांनी झडप ओढली, डाळ झरझर आली, काटा बरोबर मध्ये थांबला. सगळ्यांनी वाहवा केली. मी पण केली, मनातून जरा जळत. मग आठवड्याभराने लक्षात आलं, की बाया येतात, नवलाई पाहतात आणि माल घ्यायला चौकातल्या दुकानात जातात. साडभाऊंना कारण कळेना. शेवटी एक म्हातारी, जिच्या घरचा किराणा पहिल्यापासून याच दुकानातून जात होता, ती दारात उभी राहून म्हणाली, "चाडं त लय साजरं केलं बापू. पण चाड्यावर मूठ कोठी हाय?" तोलून झालं की वरून एक मूठ घालायची, ही ताईंची बावीस वर्षांची रीत. कुणाच्या घरी लेक बाळंतपणाला आलेली असली तर दोन मुठी. साडभाऊ दिवसभर बांधावर उभं राहून तिफण पाहून आले होते, पण त्यांनी पाहिलं ते चाडं आणि नळ्या. वर धरलेली बाईची मूठ काही त्यांनी पाहिली नाही.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हे गृहस्थ ताईंची मूठ मापायला बसले. त्यांनी ताईंना डाळीची, तांदळाची, शेंगदाण्याची मूठ भरायला लावली, आणि त्या बेताची टिनाची वाटी करून प्रत्येक झडपेखाली लावली. खटका दाबला, की पिशवीत नेमकी एक मूठ. लोक पोट धरून हसले. गावात "टिनाची मूठ" ही म्हणच झाली. कुणी कोरडी माया दाखवली, की म्हणत, टिनाची मूठ आहे. ताई मात्र हसल्या नाहीत. "हे काढा," त्या म्हणाल्या. "माल तुमच्या चाड्याचा, पण मूठ माही राहीन. नाहीतर मी आपली घरातच बरी." इतकं स्पष्ट त्या त्यांना कधी बोलल्या नव्हत्या. साडभाऊंनी तिथल्या तिथे वाट्या उपटल्या. मग प्रत्येक पाइपाला त्यांनी खालून एक फाटा काढला आणि ताईंच्या गुडघ्यापाशी, मांडीच्याही खाली, आठ लाकडी वाडगी गोलाकार बसवली. वाडगं भरलं की फाटा आपोआप थांबतो. ताईंनी मूठभर काढलं, की मूठभरच वरून येतं. हात खांद्याच्या वर न्यायलाच नको. त्या कामाला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत त्यांनी दाढी केली नाही. नवव्या दिवशी ती म्हातारी आली. ताईंनी तूरडाळ तोलली, वाकून वाडग्यातून मूठ भरली आणि पिशवीत टाकली. म्हातारीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "आता झाली पेरनी." तेव्हापासून लोक त्याला चाड्याचं दुकान म्हणतात. लांबच्या नेर गावाहूनसुद्धा कुणी कुणी पाहायला येतं आणि ताई न विसरता त्यांनाही मूठ देतात.

इथे गोष्ट संपली असती तर मी आजही साडभाऊंची खेचत राहिलो असतो. पण गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे फटफटलं असेल-नसेल, कसल्या तरी करकरण्याने मला जाग आली. उठून दुकानात गेलो. साडभाऊ शिडीवर होते. डोक्याला मफलर, खांद्यावर तांदळाची बादली, एक हात शिडीला. सत्तरीला आलेला माणूस. ते वर गेले, चाड्यात बादली रिकामी केली, उतरले आणि मी दिसल्यावर चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"हमाल नाही का येत?" मी विचारलं.

"येते ना. खाली कट्टे टाकून जाते. माळ्यावर कट्टा चढवत नाही, माळा खचन म्हंते. म्हनून मी बादलीनं नेतो. थोडंथोडं." मग ते जवळ आले. दम लागला होता. "तुमच्या ताईले नका सांगू, मास्तर. तिले वाटते हमालच वर टाकून राह्यले. कळलं त ती त्याच पावली गादीवरून उठन."

मी बादली धरायला हात पुढे केला. त्यांनी ती मागे घेतली. मग मी आत स्वयंपाकघरात गेलो. ताई तिथे अंधुक उजेडात पाटावर बसल्या होत्या. चहाचं पाणी पातेल्यात मोजून ठेवलेलं, साखर-पत्ती बाजूला, गॅस मात्र विझलेला. त्यांनी मला बोटाने गप्प बसण्याची खूण केली. बाहेर शिडी करकरली.

"अजून दोन खेपा हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "मले सांगू नका म्हनून सांगतलं असन तुम्हाले."

मी मान हलवली.

"पैल्या दिवसापासून मालूम हाय मले. पन मी बोलली त मले उठा लागन. अन् मी उठली त त्यायले काहीच नाही राहनार. मंग काय करू? आयकते, अन् बसते."

आम्ही दोघं ऐकत बसलो. पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवत आलो, की वस्तू सोडली की खाली पडते. ती वर कुणी नेऊन ठेवली, हे ना एका मुलाने मला विचारलं, ना मला कधी सुचलं. मला त्या माणसाची माया वाटली आणि स्वतःची लाज.

शिडी एकदा करकरली, पुन्हा एकदा करकरली आणि थांबली. ताईंनी जरा वेळ जाऊ दिला. मग गॅस पेटवला, डोक्यावरचा पदर उगाच अस्ताव्यस्त केला आणि नुकत्याच जाग्या झाल्यासारख्या जड आवाजात हाक मारली, "उठले का जी? च्या ठेवला."

दुकानातून, दम आवरत, उत्तर आलं, "हो, आत्ताच उठलो."