सात घरांची मूठ

दाऊदबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. पलीकडून सुरगाण्याचा कुणी जीपवाला बोलत होता, "बाई, दाऊदबाबा गेलं. रूथताईनं कळवाया सांगितलं." रूथ म्हणजे त्यांची मुलगी. "अरे देवा," मी म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, पुढच्याच क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. आता मला कुणी ते विचारणार नाही... जुडी हातात धरून मी तशीच रस्त्यात उभी राहिले आणि माझी मलाच किळस आली. मातीला मी गेले नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं, पण त्याच आठवड्यात मी भाचीची पैठणी बघायला एसटीनं येवल्याला जाऊन आले होते.

आता नीट सांगते. नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकच्या चर्चनं एक स्मरणिका काढायचं ठरवलं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात जुन्या काळी ख्रिस्ती मंडळ्या कशा उभ्या राहिल्या, त्याची हकिगत तीत यायची होती. मी शाळेत इतिहास शिकवायचे, इंग्रजी बरं होतं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं सगळ्यांना सांगत फिरले, मनातून मात्र फुगले होते. चर्चच्या कपाटात मिशनरी साहेबांचे जुने इंग्रजी अहवाल होते, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दर हिवाळ्यात साहेब घोड्यावरून डोंगरात जायचे, आंब्याखाली तंबू ठोकायचे, कंदिलाच्या उजेडात पडद्यावर चित्रं दाखवायचे. लोक बघायचे आणि घरी जायचे. दाऊदबाबांच्या गावात तर दोन हिवाळे एकही माणूस पुढं आला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र एकदम सात घरांचा बाप्तिस्मा! मी लिहून टाकलं, 'साहेबांच्या अविश्रांत परिश्रमांना अखेर फळ आले.' दोन वर्षं न आलेलं फळ तिसऱ्या वर्षी एकाएकी कुठून आलं, हा प्रश्न वर्गातल्या पोरीनंही विचारला असता. इतिहासाच्या बाईंना तो पडला नाही.

काम सुरू असल्याचं कळल्यावर दाऊदबाबा पहिल्यांदा माझ्याकडं आले. जीपनं सुरगाणा, तिथून एसटीनं नाशिक, आणि स्टँडपासून माझ्या घरापर्यंत पायी. खुर्चीच्या कडेवर बसले, पिशवीतली नागली, म्हणजे आपली नाचणी, माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "बाई, आमची मंडळी माझ्या आईनं केली. पवळीबाई तिचं नाव. तेवढं लिवा."

मग त्यांनी सांगितलं. साहेबांबरोबर एक देशी उपदेशक असायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्याला ताप भरला, तंबू पुढं गेला आणि तो मागं राहिला. पवळीबाई विधवा, पदरात हे एवढंसं पोर, तरी तिनं त्याला पडवीत ठेवून घेतलं. बरा होईतो त्यानं तिला गाणी शिकवली. ती तिनं आवणीत, भाताची रोपं लावताना म्हटली, आणि शेजारच्या वाफ्यातल्या बायकांनी उचलली. पण खरी गोष्ट पुढंच होती. रोज दळायला बसण्याआधी पवळीबाई मूठभर नागली एका मडक्यात टाकायची, 'ज्याच्या घरी आज नाय त्याची' म्हणून. तिचं बघून दुसऱ्या घरानं टाकली, मग तिसऱ्या. रविवारी सगळ्यांच्या मुठी एकत्र शिजायच्या आणि कोकणा आणि वारली, दोन्ही जमातींचे लोक, एका पंगतीला बसायचे. साहेब परत आले तेव्हा सात घरं आधीच एकत्र जेवत होती. "साहेबानं पानी घातलं," दाऊदबाबा म्हणाले, "पन रोप लागलं व्हतं."

आणि मी काय म्हटलं? "बाबा, कागद आहे का?"

ते पंधरा दिवसांनी पुन्हा आले. कागद नव्हताच. फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून त्यांनी ते मडकं आणलं होतं. काळं, कान तुटलेलं. "ही खूण," म्हणाले. मी बरं म्हटलं आणि ठेवून घेतलं. महिन्याभरानं ते परत आले तेव्हा माझ्या टेबलावर त्या मडक्यात माझी लाल पेनं उभी होती. त्यांनी एकेक पेन काढून टेबलावर ओळीनं लावलं, मडकं फडक्यानं पुसलं आणि पिशवीत घातलं. चहा मात्र घेतला, कारण मी आग्रह केला. कसला आग्रह, मेला!

यापेक्षा वाईट अजून सांगायचं राहिलंय. त्याच सुमारास एका अहवालाच्या तळाशी मला दीड वाक्य सापडलं होतं. आजारी उपदेशकाला एका विधवेनं आसरा दिला आणि तिच्या घरी लोक जमू लागले, असं साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. म्हणजे कागद होता! पण तोवर छपाईची पानं लागली होती, साहेबांचा घोड्यावरचा फोटो अर्ध्या पानावर बसला होता, छापखानेवाला डोकं खात होता... आणि कमिटीपुढं माझं चुकलं म्हणायची माझी जीभ उचलेना. मी अहवाल कपाटात ठेवून दिला. स्मरणिका हातात घेऊन दाऊदबाबांनी ते पान दोनदा वाचलं, तेव्हा मी म्हटलं, "जागा नव्हती हो, बाबा." ते म्हणाले, "असू द्या. दुसऱ्या आवृत्तीत घाला."

त्यानंतर दर वर्षी नागली घेऊन ते यायचे. मुलांची विचारपूस, पावसापाण्याच्या गोष्टी, आणि उठता उठता तो प्रश्न, "दुसरी आवृत्ती कधी निघंल, बाई?" पुढं पुढं मी शेजारणीला सांगून ठेवलं, मी घरी नाही म्हणून सांग. एकदा तर मी दाराआड श्वास रोखून उभी होते आणि ते बाहेर तिला म्हणत होते, "बाईंना सांगा, नागली निवडलेली हाय, खडे नायत."

मेल्यावर तरी जावं, म्हणून महिन्यानं त्यांच्या स्मरणाच्या उपासनेला गेले. पत्र्याचं चर्च गच्च भरलेलं. दारातच एका म्हातारीनं माझा हात धरला. "बाई, तुमचं पुस्तक दर साली ऐकतो आमी. पवळीआजीचं येतं तिथं रडूच येतं. लय उपकार." मला काही उमगेना. माझ्या पुस्तकात पवळीआजी कुठली? मग पाळक उठून म्हणाले, "दर वर्षी मंडळीच्या वाढदिवसाला दाऊदबाबा हे पान वाचायचे. पुस्तक कुणाच्या हाती देत नसत. आज खुद्द बाईच आल्यात, त्याच वाचतील." आणि माझ्या हातात माझीच स्मरणिका आली.

पान उघडलं. घोड्यावर साहेब. मी वाचायला लागले, "या गावात दोन वर्षे कोणीही पुढे आले नाही..." पुढचं वाक्य परिश्रमांचं. ते तोंडातून निघेना. मी थांबले. आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी, बाईंना गहिवरून आलं असं समजून, पाठ असलेलं पुढं म्हणायला सुरुवात केली, "परंतु पवळीबाई नामक भगिनीने रोज एक मूठ नागली बाजूला काढली..." मग पुरुष, मग पोरंटोरं. अख्खी मंडळी म्हणत होती, माझ्याच पुस्तकी भाषेत! दाऊदबाबांनी ती वाक्यं रचली होती, माझ्यासारखी, माझ्या नावावर. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

जेवणं झाल्यावर रूथच्या मागोमाग चुलीपाशी गेले आणि बोलून टाकलं, "रूथ, त्या पानावर तसं काही नाही गं."

"ठाऊक हाय, बाई. सातवी शिकलेय मी." ती भांडी आवरत राहिली. "पयल्याच साली इचारलं व्हतं बाबांना. म्हनले, बाई चुकल्या नाय, त्यांच्याकडं जागा नव्हती. आन कुनाला सांगू नको, बाईंना वाईट वाटंल."

मी रडले. तिनं रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि तेच बरं झालं. कपाटातल्या त्या अहवालाचं, त्या दीड वाक्याचंही सांगितलं तिला. तिचे हात थांबले. मग चुलीच्या डाव्या हाताला ठेवलेलं ते काळं मडकं तिनं पुढं ओढलं आणि नागलीचा डबा माझ्याकडं सरकवला. "टाका. इथं जेवला त्यानं मूठ टाकायची, आजीचा नेम हाय."

मी मूठ टाकली. ज्या मडक्यात मी लाल पेनं ठेवली होती, त्यात. नाशिकला येऊन तो अहवाल चर्चच्या कपाटातून काढला आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी राहिलेलं वाक्य आधी एका कागदावर लिहून पाहिलं. 'पवळीबाईने मूठ काढली आणि मंडळी झाली.' जेमतेम एक ओळ भरली. बाबांना तेवढीच जागा हवी होती.