बिनडोळ्यांच्या सहा चौकटी

समस्त वाचकवर्गास कळविण्यास अत्यंत गंभीर वाटते की, गेल्या वैशाखातल्या एका सकाळी, एका मुक्या माणसाला बोलते करण्याच्या थोर हेतूने, प्रस्तुत लेखकाने पेणच्या एसटी स्थानकात आपले ऐतिहासिक उजवे पाऊल ठेवले, आणि ते थेट करवंदांच्या टोपलीत पडले.

"अवो, डोळं हायत का बटणं?" टोपलीवाली बाई ओरडली.

एवढ्या भव्य स्वागतानंतर चिरडलेली करवंदं मीच विकत घेणं भाग होतं. ती खात खात, एका चपलेवर जांभळा शिक्का मिरवत मी हमरापूरच्या रिक्षात बसलो. मांडीवर माझी मोठी शबनम. तिच्यात दोन सदरे, दाढीचं सामान आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला चित्रांचा गठ्ठा.

तो गठ्ठा म्हणजे माझी पोटापाण्याची विद्या. गोष्ट चौकटीचौकटीत काढून सांगणं हा माझा धंदा. गॅसची नळी कशी तपासावी, विंचू चावल्यावर काय करू नये, बाळाला लस कधी द्यावी, असलं सगळं मी चित्रकथांतून सांगत आलो आहे. माझ्या चित्रांतली माणसं फार उत्साही. तोंडं उघडी, हात वर, कपाळावरून घामाचे थेंब उडताहेत. कुणाला काही कळलं नाही असं व्हायला नको, म्हणून मी काहीच शिल्लक ठेवत नाही.

आणि या वेळचा वाचक होता माझा जुना मित्र शशिकांत.

शशिकांतचा हमरापुरात गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब पडवी; या गावात जवळजवळ प्रत्येक घराला ती असतेच. रिक्षा आत शिरली की दोन्ही बाजूंना पांढरे गणपती दिसायला लागतात. अंगणात, ओट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर. एका घरी तर मोरीच्या दाराशीही एक रांग उभी होती, अंघोळीला नंबर लावल्यासारखी. शशिकांत आखणी करायचा (आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे आणि भुवया रेखणं). सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. ते करताना भले भले श्वास रोखून बसतात. हा बहाद्दर मात्र हात स्थिर आणि तोंड अखंड चालू असा बसायचा. शेजाऱ्याची म्हैस, राजकारण, जावयाची नवी मोटारसायकल, सगळं एका पापणीत उरकायचा.

दोन महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत.

सुमनवहिनी दारातच भेटल्या. "भावोजी, आलात! बसा, चहा टाकते."

शशिकांत पडवीत खाटेवर होता. मला बघून त्याचा अर्धा चेहरा हसला. मग त्याने डाव्या हाताची तीन बोटं चिमटीसारखी जुळवली आणि हवेत हलवली.

"बघा, परत चहा," वहिनी म्हणाल्या. "साखर ढवळा म्हणतात. दिवसभर असंच. आणि नेऊन दिला की ढकलून देतात! काल तर कप फोडला."

चहा आला. शशिकांतने मान फिरवली. चहा मी प्यायलो.

वहिनींनी बाकीचं स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून सांगितलं. रंगवलेल्या मूर्ती डोळ्यांसाठी खोळंबल्या होत्या. त्यांनी शेजारच्या गावातला एक आखणीवाला ठरवायचं म्हटलं होतं. त्याचं नाव काढलं की हे खाटेवर मूठ आपटतात. "काहीतरी सांगायचं हाय त्यांना. मला कळत नाय. लग्नाला इतकी वर्षं झाली नि मला कळत नाय, भावोजी."

"मयुरीला बोलावलंत?"

मयुरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, रोह्याला दिलेली. वहिनींनी पदराने कढईचा कान धरला, उगाचच. "आली होती की. ह्यांनी तिला बघून भिंतीकडे तोंड केलं. पोर रडत गेली. आता फोनवर म्हणते, बाबांना मी नको असेन तर कशाला येऊ?"

जेवायला जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. जिताडा म्हणजे इथल्या खाडीचा आणि तळ्यांचा राजा. एरवी मी त्याच्यावर दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी अर्ध्या भाकरीतच हात धुतला.

दुपारी मी अस्तन्या सारून माझा गठ्ठा उघडला. चहा हवा, पाणी हवं, डोकं दुखतं, पंखा लावा, टीव्ही बंद करा, देवळात न्या. प्रत्येकाची चार चौकटींची झकास चित्रकथा. हव्या त्या चित्रावर त्याने बोट ठेवायचं, की झालं! मी नाटकातल्या सूत्रधारासारखा एकेक पुठ्ठा उचलून दाखवू लागलो. चहाची कथा तर माझी खास. आधणाला उकळी येते तिथे मी स्वतः बुडबुड आवाजही काढला.

शशिकांतने शांतपणे सगळं पाहिलं. मग डाव्या हाताने अख्खा गठ्ठा खाटेवरून खाली लोटला.

वहिनी लगबगीने उठल्या. "चहा टाकू का?"

मी पुठ्ठे गोळा करत होतो तेव्हा त्याने त्यातला एक पकडला आणि उलटा केला. मागची कोरी बाजू. मग माझ्या खिशातल्या पेन्सिलीकडे बोट दाखवलं. मी पेन्सिल दिली, कोरे कागद दिले, आणि माझ्या धंद्यात क्वचितच घडतं ते केलं: गप्प बसलो.

तो डाव्या हाताने काढत होता. रेघ थरथरायची, घसरायची, तो पुन्हा काढायचा. एका कागदावर एक चौकट. पाच कागद त्या संध्याकाळी झाले. सहाव्याला दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार लागली. तो कागद त्याने कुणाला बघू दिला नाही.

पहिले पाच मी डोकावून पाहिले. एक पोरगी, एक पाठमोरी नवरी, एक पुरुष, गणपतींची रांग, सगळं होतं. पण एकाही चेहऱ्याला डोळे नव्हते. नाक आहे, तोंड आहे, वर नुसता कोरा कागद. मी वहिनींना बाजूला घेऊन कुजबुजलो, "दिसण्यावर परिणाम झालाय का? डॉक्टरांना विचारूया."

वहिनी एवढ्या चिंतेतही हसल्या. "काय हो भावोजी! डोळे सगळ्यात शेवटी असतात. काम अर्धवट हाय, एवढंच." आणि त्यांनी न बघताच सहाही कागद वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवून दिले. त्यांच्या कारखान्यात पद्धतच होती तशी. रंगाला घेतलेली मूर्ती डोळे झाल्याशिवाय कुणी न्याहाळायची नाही; अर्धवट बघितलं की माणूस चुका काढत बसतो. "डोळे होऊ देत, मग निवांत बघू."

शशिकांत फळीकडे बघत होता. त्याने बोटांची चिमटी केली आणि हलवली. वहिनींनी पातेलं चढवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मयुरीची समजूत काढायला रोह्याला निघालो. वहिनींनी मयुरीसाठी पोह्याचे पापड आणि मिरगुंडांची पिशवी दिली. मी चपला घालत असताना शशिकांत भिंतीला धरून उठला, एक पाय ओढत फळीपर्यंत गेला, वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि पापडांच्या पिशवीत कोंबली.

"अहो, पापड मोडतील! आणि अर्धवट काम न्यायचं कुठे?" वहिनी म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी छातीशी धरून पळालोच.

पेणहून रोह्याची गाडी सकाळची, अर्धी रिकामी. खिडकीतून डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडीकडे उतरत गेलेली खारी जमीन आणि लांब कुठेतरी मिठाच्या पांढऱ्या ढिगांची ओळ. मला ते ढीगही रंगायचे राहिलेले गणपती वाटायला लागले होते. कासूला एक म्हातारे गृहस्थ चढले आणि समोर बसले. पांढरी टोपी, हातात ताडगोळ्यांची पिशवी. पाच मिनिटांत त्यांनी मला दोन ताडगोळे आणि स्वतःची सगळी हकीकत दिली. नाव श्यामुवेल. बेने इस्रायल समाजातले (कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी). भाऊ, बहिणी, पोरगा, सगळे तिकडे इस्रायलला गेलेले.

"तुम्ही नाही गेलात?"

"गेलो होतो की. सहा महिन्यांत परत आलो. तिकडं माझी थट्टा समजंल असं कुणी नाय." मग म्हणाले, "आज रोह्याला प्रार्थना हाय. दहा माणसं लागतात. दहावा मीच. मी नाय गेलो तर देव नऊ जणांचं ऐकत नाय!"

त्यांच्यावाचून कुणाचं तरी अडत होतं; मला त्यांचा हेवा वाटला. मी पापड मोडले नाहीत ना हे बघायला पिशवी उघडली, तर गुंडाळी सुटून कागद बाकावर पसरले. श्यामुवेलकाकांनी ते जवळ ओढले आणि एकामागून एक बघत गेले. मी सांगायला तोंड उघडलं, की हे काम अर्धवट आहे, डोळे अजून व्हायचेत. तोवर ते सहाव्या कागदाशी थांबले.

"बाकी सगळी आंधळी," श्यामुवेलकाका म्हणाले. "ही एकटीच बघते हाय."

मी कागद हिसकावलाच. सहाव्या चौकटीत एक बाई हातात ब्रश घेऊन गणपतीसमोर बसली होती आणि तिला डोळे होते. एक पापणी किंचित वर गेलेली, पण डोळे होते, नीट, टपोरे, समोर बघणारे. गणपतीला मात्र अजून नव्हते.

रोहा येईपर्यंत तो कागद काही मी हातातून सोडला नाही. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जिचे हायत तिला नेऊन दे."

मयुरीचं घर कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडून तिने ओठांवर बोट ठेवलं. "काका, हळू. ह्यांची नाइट शिफ्ट होती, आत्ताच झोपलेत." म्हणून माझ्या आयुष्यातला सगळ्यात नाट्यमय प्रसंग मला कुजबुजत पार पाडावा लागला.

मी कागद फरशीवर ओळीने मांडले. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

पहिल्या चौकटीत एक शाळकरी मुलगी स्टुलावर उभी, हातात ब्रश, समोर गणपती. दुसरीत एक मोठा हात तिच्या हातातून ब्रश काढून घेतोय. तिसरीत तीच मुलगी मुंडावळ्या बांधून पाठमोरी, आणि कोपऱ्यात डब्यात उभा ठेवलेला ब्रश. चौथीत खाटेवर पुरुष, हात लोंबकळलेला, मागे गणपतींची रांग. पाचवीत नुसता एक हात, डावा, ब्रश दुसऱ्या बाजूने धरलेला, दांडा पुढे केलेला. आणि सहावी.

मयुरी बराच वेळ पहिल्याच चौकटीवर होती. "ह्या स्टुलाचा एक पाय तुटका होता," ती म्हणाली. "खाली वीट लावायचे. ती वीट पण काढलीय, बघा."

"तू आखणी करायचीस?"

"एकदाच. चोरून. नववीत असेन. बाबा आले नि ब्रश काढून घेतला. म्हणाले, हे पोरीबाळींचं काम नाय." तिने पाचव्या कागदावरच्या हाताला बोट लावलं. "मूर्ती मात्र पुसली नाय त्यांनी. तशीच दिली गिऱ्हाइकाला. मला वाटायचं, विसरले असतील. म्हणून त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं होय!"

मग ती सहाव्या चौकटीशी आली. तिने तिथे काय पाहिलं ते मी सांगणार नाही, कारण मी मुद्दाम खिडकीबाहेर नदी बघत होतो. नदी चांगली होती. थोड्या वेळाने पाठीमागे पोरीने, कुजबुजीचा नियम मोडून, नवऱ्याला अशी काही हाक मारली की आतून तो धडपडत बाहेर आला. "काय झालं? कंपनीत काय झालं?"

"कंपनीत नाय ओ! मी पेणला चाललेय."

त्याने फरशीवरचे कागद पाहिले, बायकोचा चेहरा पाहिला, आणि म्हणाला, "जा. डब्याचं मी बघतो." भला माणूस. पुन्हा झोपायला गेला.

पुण्याला घरी परत येऊन आता बरेच दिवस झाले. माझ्या चपलेवरचा करवंदाचा डाग गेलेला नाही आणि मी तो घालवायच्या फंदातही पडलेलो नाही. परवा एका शाळेत मास्तरीण बाईंनी मला विचारलं, चित्रांतून माणसाला सगळं सांगता येतं का हो? मी नेहमीसारखा हात वर करून भाषणाला उभा राहिलो, तोच माझी उकळत्या आधणाची चित्रकथा आठवली. मग मी त्यांना फक्त मयुरीला घेऊन परतलो ती हमरापुरातली संध्याकाळ सांगितली.

मयुरी पडवीत एका रंगवलेल्या मूर्तीसमोर बसली होती, जुनाच ब्रश घेऊन. शशिकांतची खाट तिच्याशेजारी ओढलेली. पहिली भुवई झाली. दुसरी झाली. डोळ्याची वेळ आली तेव्हा तिचा हात थांबला. खाटेवर शशिकांतची तीन बोटं जुळली आणि हवेत हलली. वहिनींनी सवयीने कप भरला. मयुरीने मान न वळवता ब्रश त्या चिमटीत ठेवला. तो तिथे बरोबर बसला. शशिकांतने हवेतच एक बारीक, वळणदार रेघ ओढून दाखवली, मग ब्रश फिरवला आणि दांडा पुढे करून तिला परत दिला.

वहिनी दारात उभ्या होत्या. कपातला चहा बशीत सांडत होता आणि त्यांना कळत नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या रिकाम्या चिमटीकडे पाहिलं, लेकीच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"अगो मयुरी, हे ब्रश मागत होते गो! आणि मी मेली दोन महिने चहा पाजत बसले!"